फिक्यातलं दाखवा

पत्र

ताई, नमस्कार. माझ्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. कार्यालय फुलेवाडीच्या पुढं ठरलंय. मी ५४ वर्षांची. मिस्टर जाऊन पाच वर्षं होतील. गेल्या रविवारी मी, मुलगी आणि माझ्या मोठ्या नणंदबाई अशा तिघी महाद्वार रोडला साड्या बघायला गेलो होतो. नवरीच्या आईची साडी म्हटल्यावर दुकानदारांनी आधी हिरवी पैठणी उलगडली. नणंदबाई लगेच म्हणाल्या, ‘त्यांना नको, फिक्यातलं दाखवा.’ मग मोतिया, बदामी, बिस्किट कलर असं सगळं पुढं आलं. मला त्यातली एकही आवडली नाही. खरं सांगते, बाजूच्या गठ्ठ्यात एक जांभळी होती, ती अजून डोळ्यांपुढून हलत नाही. काही न घेता घरी आलो. मुलगी तेव्हापासून धड बोलत नाही. विहीणबाईंचा फोन आला होता, ‘मी डाळिंबी घेतेय, तुम्ही कुठला रंग घेताय?’ मी बघून सांगते म्हटलं, त्याला आठ दिवस झाले. माझं बजेट शिलाई धरून २० हजार आहे. त्यात खरी पैठणी येते का? ती ओळखायची कशी? की माझ्या लग्नातला शालूच नेसू? तो ट्रंकेत आहे. कन्यादानाला दीर-जाऊ बसणार आहेत, त्यामुळं मला तसं फार पुढं पुढं असायचं नाही. पण साडी नीट असावी असं वाटतं. गुडघे दुखतात, दिवसभर वावरता आलं पाहिजे.
एक आई, कोल्हापूर

उत्तर

जांभळी घ्या.

बाकी सगळं खाली सविस्तर लिहिते. पण आठ दिवस तुम्ही विहीणबाईंना उत्तर द्यायचं टाळताय, म्हणून हे आधी सांगितलं. फिक्या साड्या खांद्यावर टाकून बघताना तुमचं लक्ष बाजूच्या गठ्ठ्यात होतं, मग तुम्हाला कुठली हवीय हे मी वेगळं काय सांगणार? ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, तरी तो पत्रभर आहे. तिथूनच सुरुवात करते.

माझे वडील गेले तेव्हा मी आठवीत होते. माझं लग्न १९८२ साली झालं, शिवाजी पेठेत आमच्या घरासमोरच मांडव घालून. आई पहाटेपासून राबत होती. रुखवताची मांडणी, विहिणीच्या ओटीचं सामान, आहेराची ताटं, सगळं तिच्या हातचं. मुहूर्त जवळ आला तशी ती मागल्या पडवीत आचाऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. तिचं तिलाच माहीत होतं. मंगलाष्टकं चालू होती आणि मी अंतरपाटाच्या अलीकडं उभी राहून माणसांत तिला शोधत होते. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, पंगतीसाठी पानं मांडायला लागले, तेव्हा ती हात पुसत बाहेर आली. माझ्या लग्नाच्या अल्बमात आई नाही. एका फोटोत दाराच्या चौकटीशी राखाडी लुगड्याचा काठ तेवढा दिसतो. तो तिचा असावा असं मी इतकी वर्षं धरून चाललेय.

म्हणून ‘मला तसं फार पुढं पुढं असायचं नाही’ हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

नणंदबाईंबद्दल आधी बोलू. त्यांच्यावर राग धरू नका. तुमचा नवरा गेला तसा त्यांचा पाठचा भाऊ गेलाय, आणि भावजय रंगीत साडीत दिसली की भाऊ नसल्याचं त्यांना नव्यानं जाणवत असणार. शिवाय त्या ज्या घरात, ज्या काळात वाढल्या, तिथं असंच बघितलंय. दुकानात त्या जे बोलल्या ते सवयीनं बोलल्या असतील. पण सवयीनं बोललेल्या शब्दावर तुमची साडी ठरायला नको. त्यांना स्वच्छ सांगा, ‘वन्सं, माझी साडी मी आणि लेक मिळून घेतो. तुम्ही विहीणबाईंच्या मानाची साडी आणि करवल्यांच्या साड्या निवडायला या, त्यातलं तुम्हाला जास्त कळतं.’ हे नुसतं गोड बोलणं नाही. मानपानाच्या साड्यांना खरोखरच एक जाणतं माणूस लागतं, आणि भाचीच्या लग्नात आत्याला काम नसेल तर ती दुखावते. दोन खरेद्या दोन वेगळ्या दिवशी करा, म्हणजे झालं.

आणि त्या तरीही म्हणाल्या, की आपल्यात असं नेसत नाहीत, तर त्यांना हेरवाडची आठवण द्या. शिरोळ तालुक्यातलं हे गाव आपल्याच जिल्ह्यातलं. ४ मे २०२२ रोजी हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला त्याच आठवड्यात १०० वर्षं पूर्ण होत होती. १७ मे रोजी राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असं कळवलं. महाराजांनी तर १९१७ सालीच करवीर संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला होता. तेव्हा ‘आपल्यात’ म्हणजे कोल्हापुरात म्हणायचं असेल, तर आपल्यात हेही आहे. एका खेड्यानं चारचौघांत बसून जे ठरवलं, ते तुमच्या घरात तीन बायकांनी ठरवायला काय हरकत आहे?

बांगड्यांचंही तसंच. कासार घरी येईल त्या दिवशी लेकीचा चुडा भरून झाला की तुम्ही हात पुढं करा. हिरव्या नको वाटल्या तर साडीला शोभतील त्या भरा, पण भरा.

एक मात्र सांगते. फिका रंग वाईट असं माझं म्हणणं नाही. मोतिया रंगावर रुंद जरीचा काठ सुंदरच दिसतो, आणि उद्या तुम्ही स्वतः दहा साड्या बघून मोतियाच उचललीत तर मी आनंदानं ‘घ्या’ म्हणेन. तशीच हिरवी नेसायला मन धजत नसेल तर हिरवी नेसू नका. कुणाला दाखवून द्यायला म्हणून नेसलेली साडी दिवसभर अंगाला टोचत राहते. कपाटात हात घातल्यावर सवयीनं हात जातो तो रंग आणि दुकानात डोळा अडकतो तो रंग, यांत फरक असतो. तुमचा डोळा अडकलाय जांभळ्यावर. ती नेमकी साडी विकली गेली असेल तर वांगी, अंजिरी, आमसुली हे त्याच घरातले रंग आहेत, ते काढायला सांगा. पिवळा तेवढा टाळा. मुलगी मामाकडची पिवळी अष्टपुत्री नेसणार असेल, तर तिच्याजवळ दुसरा पिवळा नको.

आता कन्यादान. ते तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंत, पण माझ्या मते साडीच्या आधी ठरवायची गोष्ट तीच आहे. दीर-जाऊ बसणार हे कुणी ठरवलं? तुम्ही ठरवलं असेल, म्हणजे त्या घडीला आपल्याच्यानं निभणार नाही असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर ते बरोबरच आहे. पण बैठकीत कुणी तरी बोललं आणि तुम्ही मान हलवलीत, असं असेल तर अजून तीन महिने हातात आहेत. मुलीचा हात जावयाच्या हातात द्यायचा आणि वरून पाण्याची धार सोडायची. ती धार कुणाच्या हातून पडायची, एवढंच ठरवायचंय. एकट्या आईनं कन्यादान केलेली लग्नं मी आपल्या कोल्हापुरात बघितली आहेत. एकदा शेजारी मुलीचा मामा बसला होता, एकदा शेजारी कुणीही नव्हतं. दोन्ही वेळा भटजींनी विधी नीट सांगितले, कुठं काही अडलं नाही. फक्त भटजींना आत्ताच कल्पना द्या. मांडवात ऐनवेळी कुजबूज सुरू झाली की तुम्हीच उठून मागं जाल, हे मला माहीत आहे. दीर-जावेला सीमांतपूजनाचा मान द्या, त्यांनाही बरं वाटेल.

हे आधी ठरवा म्हणते, कारण साडी त्यावर ठरते. खुर्चीवर बसून लग्न बघायचं असेल तर कुठलीही साडी चालते. पाटावर बसायचं असेल तर तिनं तुमच्याबरोबर खाली बसायला हवं, उठायला हवं, पाणी सोसायला हवं, होमाच्या धगीजवळ तास-दीड तास काढायला हवा. होमाजवळ सिंथेटिक साडी नकोच. ठिणगी पडली तर ते कापड वितळून कातडीला चिकटतं. शुद्ध रेशीम लवकर पेटत नाही, आणि ज्योत बाजूला झाली की बहुतेक वेळा आपोआप विझतं. जुन्या बायका विधीला रेशमीच नेसायच्या ते सोवळ्यासाठी, पण हा फायदाही त्यात होता. खडे आणि टिकल्यांच्या वर्कच्या साड्या कोणी आग्रहानं दाखवल्या तर नको म्हणा. त्या जड असतात, दंडाला घासतात, आणि गळाभेट घेताना समोरचीच्या मंगळसूत्रात अडकतात. नवरीच्या आईला त्या दिवशी दोनशे बायका गळ्यात पडणार असतात.

गुडघ्यांसाठी पाटाऐवजी बुटका चौरंग मागा. भटजींची त्याला ना नसते. दुकानात पांढऱ्या गादीवर बसून साड्या बघाल तेव्हा जी आवडेल ती नुसती खांद्यावर टाकू नका. अंगातल्या साडीवरूनच निऱ्या करून गुंडाळा, खाली बसा आणि हाताचा आधार घेऊन उठा. कडक, फुगणारं रेशीम असेल तर निऱ्या पायात येतात. मऊ रेशीम तुमच्याबरोबर उठतं.

तुमच्या पैशांत पैठणी बसते का? शिलाई, अस्तर, फॉल-पिको यांना दोन हजार बाजूला काढा. राहिले १८. एवढ्यात पदरभर बांगडी मोर, म्हणजे बांगडीसारख्या गोलातले मोर, आणि रुंद काठ असलेली हातमागाची पैठणी मिळणार नाही. ती कुणी या किमतीत देऊ केली तर ती हातमागाची नाही असं धरून चाला. बारीक काठाची, अंगावर छोट्या बुट्ट्या आणि पदर साधा असलेली हातमागाची मात्र मिळू शकते. मला विचाराल तर जांभळ्या अंगावर बारीक मुनियाचा काठ, म्हणजे त्या ओळीनं बसलेल्या पोपटांचा, रुंद काठापेक्षा शोभून दिसतो, आणि साडीही हलकी राहते.

ओळखायची खूण सोपी आहे. पदर उलटा करा. हातमागाच्या पैठणीत नक्षीतला प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या तिल्लीवरून त्या त्या जागेपुरताच विणलेला असतो, त्यामुळं मोर उलटीकडूनही जवळजवळ तसाच दिसतो. यंत्रमागावर रंगाचे धागे मागच्या बाजूनं आडवे ओढले जातात. मग ते कापून टाकतात, म्हणून मागं कापलेल्या धाग्यांची कुसं हाताला लागतात, नाही तर सुटे धागे राहून बोटातली अंगठी अडकते. हाताच्या विणीत दोन बुट्ट्या अगदी एकसारख्या नसतात, एखादा पोपट किंचित जाड असतो. तो दोष समजू नका. यंत्रमागाच्या पैठणीला दुकानात ‘सेमी’ म्हणतात. सेमी घेण्यात कमीपणा काही नाही, फक्त तिला हातमागाचे पैसे मोजू नका.

लेबलं दोन असतात, आणि त्यांची गल्लत होते. सिल्क मार्क २००४ पासून आहे, केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकारानं निघालेलं. ते सांगतं की रेशीम शुद्ध आहे. साडी हातानं विणली की यंत्रावर, हे ते सांगत नाही. त्यासाठी २००६ पासूनचं हँडलूम मार्क वेगळं. दुकानदार सिल्क मार्क दाखवून ‘बघा, हातमाग’ म्हणाले तर शांतपणे दुसरं लेबल मागा. लेबल नसेल तर पक्क्या बिलावर ‘शुद्ध रेशीम, हातमाग’ असं लिहून घ्या. लिहून द्यायला जो कचरतो त्याच्याकडून घेऊ नका. जरीचं म्हणाल तर या किमतीत खऱ्या सोन्या-चांदीची जर नसते, तिची अपेक्षाही नको. धागा जाळून बघायचं दुकानात कुणाला सांगू नका. घरी आल्यावर शंका वाटली तर पदराच्या टोकाचे दोन-तीन धागे काढून जाळा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. सिंथेटिकची टणक गुठळी होते. एका साडीसाठी येवल्यापर्यंत जायची गरज नाही, डोळे उघडे ठेवले तर महाद्वार रोडला आणि राजारामपुरीतही मिळते.

पैठणीवर मन बसलंच नाही तर इरकल बघा. ही मी माझ्या आवडीनं सांगतेय. आपल्याकडच्या आज्या-पणज्या इरकलीतच वावरल्या. गडद अंगाची रेशमी इरकल, तिचा तो लाल टोपपदर, त्यावरचे पांढरे पट्टे... लग्नातल्या गर्दीत नजर लगेच ओळखते. पैठणीपेक्षा पैसेही कमी पडतात. पण तुमचं मन पैठणीवर आहे असं पत्रावरून वाटतं, म्हणून जास्त रेटत नाही.

रंग दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका. जांभळा या बाबतीत फार फसवतो. पांढऱ्या एलईडीखाली निळसर दिसतो, पिवळ्या उजेडात वांगी होतो. साडी हातात घेऊन दुकानाच्या दारात या, उन्हात बघा, मग लेकीला मोबाइलवर फोटो काढायला सांगा. फोटोत अगदी निळी आली तर थोडी तांबूस छटा असलेली दुसरी जांभळी मागा. यासाठी सकाळची वेळ बरी. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार सोडा, अंबाबाईच्या दर्शनाच्या गर्दीत महाद्वारावर उभं राहायला जागा नसते. बरोबर फक्त लेक असू दे. ती रागावलीय ते साडीवरून नाही. दुकानात तुम्ही गप्प राहिलात त्यावरून रागावलीय.

आणि नवरात्राच्या आत जा. आत्ता श्रावण आहे, दुकानं मोकळी आहेत, दुकानदारांना दहा साड्या उलगडून दाखवायला वेळ आहे. पुढं गणपती, मग पितृपंधरवडा, त्यात तुमच्याकडं नव्या कपड्यांची खरेदी करत नसतील. नवरात्रात देवळाच्या आसपास गाडी नेता येत नाही, आणि दिवाळीनंतर कुठलाही चांगला शिंपी मार्गशीर्षातल्या लग्नाचा ब्लाउज हातात घेत नाही. पावसापाण्याचं जाताय तर साडी आणायला जाड प्लास्टिकची पिशवी जवळ ठेवा, कोऱ्या रेशमावर पाण्याचे डाग राहतात. घरी आल्यावर मात्र ती प्लास्टिकमधून काढून सुती कपड्यात बांधा.

ब्लाउजला मी साडीइतकंच महत्त्व देते. बाहीचा घेर तंग असला की दिवस वाया जातो. अस्तर सुती घ्या आणि शिवायला टाकण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा, नाही तर पहिल्याच घामाला ते आटतं आणि वरचं रेशीम चुण्या धरतं. शिंप्याला दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया ठेवायला सांगा. लग्नाच्या धावपळीत कुणी बारीक होतं, कुणी सुजतं. ट्रायलला गेलात की हातात ताट आहे असं समजून दोन्ही हात खांद्याच्या वर न्या आणि ओवाळल्यासारखे फिरवा. काखेत ओढलं तर तिथंच उसवून घ्या. पदर पिना लावून घडीचा ठेवा, सुटा नको. निरांजनाच्या ताटावर वाकताना सुटा पदर आधी पुढं येतो.

फॉलच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेक जणी विसरतात. नेसण्याची उंची चपला घालून ठरवतात, आणि स्टेजवर, पाटावर सगळं अनवाणी चालतं. दोन बोटं लांब झालेली साडी पायाखाली येते. तुम्ही अनवाणी उभ्या राहूनच उंची ठरवा. नवीन कोल्हापुरी घेणार असाल तर ती दिवाळीतच घ्या, तेल लावून रोज तासभर घरात घाला. लग्नाच्या दिवशी कोरी चप्पल चावली की गुडघ्याचं दुखणं दुप्पट होतं.

शालूचं मला जपून सांगावंसं वाटतं. ट्रंकेतून काढा, पण झटकू नका. पलंगावर चादर अंथरून घडी अलगद उलगडा आणि शालू खिडकीच्या उजेडासमोर धरा. घडीच्या रेषेवर उजेडाचे ठिपके दिसले तर तिथं रेशीम फाटायला लागलंय. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली जर तिथंच तुटते. तसा असेल तर नेसू नका, पहिल्यांदा खाली बसताच तो मांडीवर उसवेल आणि तुमचं मन दिवसभर तिथंच राहील. ठिपके नसले तरी मी तो पूर्ण दिवसासाठी नेसायला सांगणार नाही. त्यापेक्षा असं करता येईल. शालूचा चांगला राहिलेला भाग, शक्यतो पदराचा, मागून सुती कापडाचं अस्तर लावून अंतरपाट म्हणून धरा. तुमच्या लग्नात जो शालू तुम्ही नेसला होतात, त्याच्याआड लेक उभी राहील. तिचे वडील त्या शालूशेजारी उभे होते. भटजींना चालतं, कापड स्वच्छ असलं म्हणजे झालं. मुलीला विचारून बघा. धड बोलत नाही म्हणता ना, यावर बोलेल.

दागिन्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून थोडक्यात. जांभळ्यावर सोनं उठून दिसतं. ठुशी आणि बोरमाळ, दोनच. घरातला साज गळ्यात घालायचा की लेकीला द्यायचा, हे तुमचं तुम्ही ठरवा. त्यात मी पडत नाही, नणंदबाईंनीही पडू नये.

आणि आज संध्याकाळी विहीणबाईंना फोन करा. त्यांचं बोलणं तुम्ही मला लिहिलंत तसंच मी परत वाचलं. ‘तुम्ही कुठला रंग घेताय?’ तुम्ही रंगीत घेणार की नाही, ही शंकाच त्यांच्या मनात आलेली दिसत नाही. अशा घरात लेक चाललीय. त्यांना सांगा, मी जांभळी घेतेय. त्यांच्या डाळिंबीला काठ कुठल्या रंगाचा आहे तेही विचारून घ्या. हिरवा असेल तर फोटोत दोघी छान दिसाल. जांभळा असेल तर तुमचा काठ निव्वळ जरीचा बघा.